देवाशी, योग्य मार्गाने

रुग्णालयाच्या तळघरात एक शिवणखोली होती आणि त्या खोलीत काम करणाऱ्या बाईंना सगळे टाकेमावशी म्हणत. रुग्णालयात टाके घालणारी माणसं दोन प्रकारची असतात. वरच्या मजल्यावरची माणसांना टाके घालतात, त्यांना डॉक्टर म्हणतात. तळघरातली चादरींना घालते, तिला मावशी म्हणतात. फाटक्या चादरी, नाड्या हरवलेल्या विजारी आणि उसवलेल्या उशीच्या खोळी रोज गाठोडी बांधून खाली येत आणि शिवून वर जात. या कामाबद्दल कोणाची तक्रार नव्हती आणि कोणी कौतुकही करत नव्हतं. थोडक्यात, सगळं व्यवस्थित चाललं होतं.

मावशी शिवता शिवता देवाशी बोलत. मनातल्या मनात नव्हे, चांगल्या खणखणीत आवाजात. विजेवर चालणारं ते म्हातारं मशीन एकदा सुरू झालं की असा काही खडखडाट करायचं की शेजारच्या टेबलावरच्या भांडारपालाला स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नसे. त्या खडखडाटाच्या आडोशाने मावशी आपलं गाऱ्हाणं मांडत. पायाखालचं पेडल दाबलं की तोंड सुरू, पेडल सोडलं की तोंड बंद. इतक्या वर्षांत कोणाला पत्ता लागला नव्हता.

गाऱ्हाण्याचा विषय एकच होता : नवरा. भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात त्याची हयात गेली होती. तो कोबी पुकारू लागला की दोन गल्ल्या पलीकडच्या बायका पिशव्या घेऊन निघायच्या. घरी मात्र त्याचं मावशींशी बोलणं बहुतेक एकाच वाक्याचं असे, "गप गं जरा." मग त्याला झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, "येईल किंवा येणारही नाही." मावशींच्या कानांनी त्यातलं 'येईल' तेवढं ठेवून घेतलं.

घरी देवाशी बोलायची सोय नव्हती. ज्याच्याबद्दल गाऱ्हाणं घालायचं तोच समोरच्या खुर्चीत बसून टकामका बघत असे. त्याच्या देखत 'याचं तोंड उघड' म्हणणं मावशींच्या जिवावर यायचं. आपल्यामुळे बायको रडते हे कळून तो आणखी खचला असता. म्हणून देवाला कामाच्या वेळात गाठावं लागे.

त्या दिवशी मावशी एका उशीच्या खोळीला टीप मारत होत्या आणि रंगात आल्या होत्या. "अरे, ते कान आहेत की भोकं? रोज सांगते, रोज सांगते, तुला काही लाज वाटते की नाही? सगळी दुनिया बोलते. कावळे बोलतात. हा भांडारपाल तर दिवसभर बोलतो. त्यातलं थोडं काढून माझ्या माणसाला दिलंस तर तुझं काय जातं?"

इथे वीज गेली. मशीन थांबलं. मावशींना थांबता आलं नाही.

"देतोस का आता, का मीपण बोलणं टाकू तुझ्याशी?" हे वाक्य काळोख्या तळघरात, कोणत्याही खडखडाटाविना, भिंतीभिंतीवर आपटून घुमलं. आणि ते संपतं न संपतं तोच दिवे लागले.

दिव्यांच्या उजेडात तीन माणसं आ वासून उभी दिसली : भांडारपाल, कपडे धुणारा आणि खोळी मागायला आलेल्या मोठ्या सिस्टर. वास्तविक दिवे लागले ते मागच्या अंगणात वायरमनने जनरेटर सुरू केला म्हणून. पण वायरमनला कोणी विचारलं नाही, आणि आपणहून सांगायला तो तिथे नव्हता.

"मावशी," भांडारपाल हलक्या आवाजात म्हणाला, "तुमची इतकी ओळख आहे तिकडे? कधी बोलला नाहीत."

"कुठली ओळख घेऊन बसलात? तोंडाला येईल ते बडबडते झालं."

"तेच म्हणतो मी. आम्ही हळू आवाजात, मान खाली घालून मागतो, म्हणून आमचं होत नाही. तुम्ही सरळ झापता." त्याने खुर्ची जवळ ओढली. "माझ्या कमरेचं जरा बघायला सांगा ना."

"अहो, मी काय त्याची सेक्रेटरी आहे?" मावशी म्हणाल्या. पण माणूस कळवळून सांगतोय म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी शिवता शिवता त्याच्या कमरेचाही विषय काढला. भांडारपालाची कंबर तशीच राहिली, पण त्याला तिच्याकडे बघण्याची नवी दृष्टी आली, असं तो सांगू लागला. संध्याकाळपर्यंत ही बातमी कॅन्टीनमध्ये होती.

मग खाली माणसांची रीघ लागली. कोणाला बदली हवी, कोणाला बदली नको, कोणाची सासू ऐकत नाही, कोणाची सासू फारच ऐकते. मावशी हात जोडून सांगत, "अहो, तुमच्या घरी बसून तुम्ही बोला की त्याच्याशी! तो काय माझ्या एकटीचा आहे?" हे वाक्य सगळ्यांना फार आवडलं. दोघातिघांनी लिहूनही घेतलं. घरी जाऊन मात्र कोणी बोललं नाही.

गर्दी जिन्यापर्यंत आली तेव्हा अधीक्षकांनी मावशींना वर बोलावलं. अधीक्षक भले गृहस्थ होते. नियमात बसत असेल तर ते कोणाचंही भलं करायला तयार असत.

"देवाशी बोलण्याला प्रशासनाचा विरोध नाही," ते म्हणाले. "मी स्वतः श्रद्धाळू आहे. फक्त हे सगळं योग्य मार्गाने व्हायला हवं. सध्या तुम्ही कोणत्या मार्गाने बोलता?"

"तोंडाने," मावशी म्हणाल्या.

अधीक्षकांनी डोळे मिटून घेतले. देवाशी थेट संपर्क, तोही कार्यालयीन वेळेत, तोही विनापूर्वपरवानगी, आणि वर एकेरीत! उद्या एखाद्या शिपायाने थेट मंत्र्यांना असं विचारलं तर? मधल्या माणसांनी जायचं कुठे? त्यांनी तिथल्या तिथे एक संपर्क समिती नेमली. स्वतः अध्यक्ष झाले, अनुभवी म्हणून भांडारपालाला सचिव केलं आणि महिला प्रतिनिधी म्हणून मोठ्या सिस्टरना घेतलं. मावशींना समितीत घेता आलं नाही, कारण त्या चौकशीचा विषय होत्या.

समितीने फार बारकाईने काम केलं. दिवे लागले तेव्हा मावशी नेमकं काय करत होत्या, हा मुख्य प्रश्न होता.

"उशीची खोळ शिवत होते."

"चादर का नाही?"

"चादरी संपल्या होत्या."

"म्हणजे त्या दिवशी चादरी संपल्या आणि खोळच हाती आली," भांडारपाल सावकाश म्हणाला. समितीच्या अंगावर काटा आला.

तेव्हापासून देवाशी बोलायला येणाऱ्याने उसवलेली उशीची खोळ आणायची, असं ठरलं. रुग्णालयातल्या उसवलेल्या खोळी लवकरच संपल्या. मग भाविकांनी चांगल्या खोळी उसवायला घेतल्या. वॉर्डातले रुग्ण उघड्याबोडक्या उशांवर डोकं ठेवून झोपू लागले आणि त्यांच्या मानांना कापूस चिकटू लागला. एका आजोबांनी तक्रार केली तेव्हा मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, तुमची खोळ कुठे गेलीय ठाऊक आहे? नशीब काढलंत." आजोबा ओशाळले आणि त्यांनी पांघरूणही देऊ केलं.

दुसरा प्रश्न शब्दांचा होता. मावशींचं बोलणं प्रभावी असलं तरी त्याची भाषा दप्तरी ठेवण्याजोगी नव्हती. समितीने ते शुद्ध करून घेतलं. 'ते कान आहेत की भोकं?' याचं 'महोदय, आपली श्रवणव्यवस्था कार्यान्वित आहे किंवा कसे?' झालं. 'तुला काही लाज वाटते की नाही?' या जागी 'लज्जेबाबतची आपली भूमिका स्पष्ट व्हावी' आलं. 'तुझं काय जातं?' याचं 'यामुळे आपणांवर कोणताही अतिरिक्त भार पडणार नाही' केलं. कावळे ठेवले, कारण ते निसर्गात मोडतात. भांडारपालाचा उल्लेख असलेलं वाक्य मात्र मागाहून कोणीतरी घुसडलेलं आहे, असं भांडारपालाने सिद्ध केलं. मग या सगळ्याला एक संथ, गंभीर चाल लावली. ती ऐकताना माणसांचे डोळे भरून येत. मोठ्या सिस्टर तर 'लज्जेबाबतची' या शब्दालाच रडू लागत.

एवढं झाल्यावर दिव्यांचा घोळ उभा राहिला. मूळ प्रार्थना काळोखात झाली होती आणि उजेडात फळली होती. तेव्हा बोलायचं कशात? काहींचं म्हणणं, देव काळोखात ऐकतो. काहींचं म्हणणं, दिवे लागले तीच त्याची पोच. अंधारवाले आणि उजेडवाले असे दोन तट पडले. दिव्याच्या बटणापाशी दोन्हीकडची माणसं उभी राहू लागली. एक जण बटण दाबायचा, दुसरा पुन्हा दाबायचा. एके दुपारी या कारणावरून तळघरात तुंबळ हाणामारी झाली. सुदैवाने जागा रुग्णालयाची होती. दोन्ही तटांचे जखमी एकाच वॉर्डात, बिनखोळीच्या उशांवर, शेजारी शेजारी झोपले. रात्रपाळीच्या नर्सने दिवा लावावा की घालवावा यावरून तिथे त्यांनी पुन्हा सलाइनच्या दांड्या उचलल्या.

या सगळ्यात मशीनला धक्का लागू नये म्हणून समितीने त्याभोवती काच बसवली. मशीन आतल्या आत चकचकीत राहिलं. शिवण बंद झाली, फाटलेलं फाटकंच वर जाऊ लागलं, पण त्याला कोणाचा इलाज नव्हता. मावशींची बदली इस्त्रीखोलीत करण्यात आली.

इस्त्रीखोली शांत होती, इतकी की कपड्यावरून फिरणारी इस्त्रीसुद्धा ऐकू येई. मावशींनी पहिल्या दिवशी तोंड उघडलं आणि आपलाच आवाज ऐकून दचकून मिटलं. मग त्या कपडे धुण्याच्या यंत्रापाशी गेल्या. यंत्र घुसळायला लागल्यावर जेमतेम "अरे" म्हणाल्या असतील, तोच कपडे धुणारा आला. "मावशी, इथे नको हं. अनधिकृत जागा आहे. आमच्यावर येईल." शेवटी त्या बायकांच्या मोरीत गेल्या आणि नळ पूर्ण सोडला. बाहेरून मोठ्या सिस्टरनी दार वाजवलं. "कोण आहे आत? बोलताय की आंघोळ करताय?"

"आंघोळ करतेय," मावशी म्हणाल्या. देवापायी त्यांना खोटं बोलावं लागलं, आणि याचं त्यांना फार वाईट वाटलं.

दिवस तसेच जाऊ लागले. घरी नवरा अबोल, कामावर आपण अबोल. एकदा नवऱ्याने पाण्याचा पेला मागायला नुसती भुवई उचलली आणि मावशींनी उत्तरादाखल नुसती मान हलवली. असंच चालू राहिलं तर या घरात बोलायचं कसं हेच दोघं विसरतील, असं त्यांना वाटलं. मनात इतकं साठलं होतं की रात्री कूस बदलली तरी हुंदका यायचा. अखेर त्यांनी ठरवलं, नाक मुठीत धरून का होईना, रांगेत उभं राहायचं.

शिवणखोलीपुढची रांग मोठी होती. मावशींनी घरून आणलेली खोळ छातीशी धरली होती. विषय नोंदवायच्या दोन खिडक्यांच्या मध्ये भिंतीवर एक मोठी तसबीर लावली होती. तीत एक सडपातळ, गोरीपान, मिटल्या डोळ्यांची बाई मशीनवर बसली होती आणि तिच्या सुईतून किरण निघत होते. खाली लिहिलं होतं : मूळ मावशी.

"या कोण?" मावशींनी पुढच्या बाईला विचारलं.

"अय्या, माहीत नाही? त्यांच्यामुळेच तर हे सगळं सुरू झालं. कधी म्हणून आवाज चढवला नाही हो त्यांनी. आता अशी माणसं कुठे राहिली?"

"वारल्या?"

"कधीच्याच."

मावशींनी मूळ मावशींकडे पुन्हा एकदा पाहिलं. बाई शिवताना डोळे मिटून बसली होती. बोटात सुई घुसली असेल मेलीच्या, एवढंच त्यांच्या मनात आलं.

खिडकीत भांडारपाल पांढरा कोट घालून बसला होता. आता त्याला मुख्य निवेदक म्हणत. मावशींना पाहून तो जरा चपापला, पण लगेच सावरला.

"विषय?"

"माहीत नाही का तुम्हाला? नवरा बोलत नाही."

"नवरा बोलत नाही," भांडारपालाने मोठ्याने उच्चारलं. "हा सर्वसाधारण गटात येतो. बहुतेक बायकांचा हाच आहे. चला आत. पदरचं काही घालू नका, रडायचं असेल तर 'लज्जेबाबतची' नंतर."

आत काचेच्या पेटीसमोर मावशींना उभं केलं. किती दिवसांनी त्या आपल्या मशीनपाशी आल्या होत्या. सुईत अजून त्या दिवशीचाच दोरा होता. ते पाहून त्यांना भडभडून आलं आणि शुद्ध केलेल्या बोलण्यातलं एक अक्षर आठवेना.

"अरे," त्या म्हणाल्या, "ओळखलंस का?"

"थांबा!" भांडारपाल ओरडला. "देवाला अरेतुरे? इथे?"

"अहो, पहिल्या दिवशी मी हेच नाही का म्हटलं? माझंच बोलणं आहे हे."

"होतं," भांडारपाल म्हणाला. मग आवाज खाली आणून, जुन्या ओळखीने तो समजावू लागला. "मावशी, ऐका माझं. लोक बघताहेत. मूळ मावशी कधी असं बोलल्या नव्हत्या. तुम्ही पुढे येऊन 'मीच ती' म्हणालात तर लोक तुम्हाला सोडायचे नाहीत. माझी कंबर त्यांनीच बरी केलीय, मी कसं ऐकून घेऊ?"

"बरी कुठे झालीय? आत्तासुद्धा तुम्ही हात टेकून उठलात."

ही मात्र उघड निंदा झाली. आयुष्यात प्रथमच अंधारवाले आणि उजेडवाले एका सुरात ओरडले. दोघा पहारेकऱ्यांनी मावशींना दंडाला धरून जिन्यावर आणून सोडलं. देवाचा अपमान आणि मूळ मावशींची बतावणी असे दोन ठपके त्यांच्यावर आले. खोळ तेवढी आतच ठेवून घेतली.

मावशी घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. नवरा नेहमीप्रमाणे खिडकीपाशी खुर्चीत होता. मावशींनी चपला काढल्या नाहीत, दिवा लावला नाही. त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि वर आढ्याकडे बघून त्यांनी तोंड सोडलं. मशीन नव्हतं, नळ नव्हता, आडोसा म्हणून काहीच नव्हतं. कोणी ऐकेल याची भीती नव्हती आणि समोर कोण बसलंय याचीही नव्हती.

काय काय म्हणाल्या त्या! भांडारपालाची कंबर काढली, ती रांग काढली, ती मिटल्या डोळ्यांची गोरीपान बाई काढली. "तुला ती आवडते, होय ना? म्हणून मला बाहेर काढलंस!" म्हणाल्या. कोबी, फ्लॉवर, बाजार, सगळं निघालं. याचा आवाज कसा होता आणि त्या आवाजाने त्या लग्नाआधी कशा खिडकीत यायच्या, हेही निघालं. नवऱ्याला हे कधी सांगितलं नव्हतं. बोलता बोलता त्या रडायला लागल्या, रडता रडता पुन्हा भांडायला लागल्या. शेजारच्या भिंतीवर कोणीतरी दोनदा ठोकलं. मग मावशींनी दम घेतला आणि देवाला आणखी एक वाक्य सुनावलं.

"गप... गं," नवरा म्हणाला.

आवाज घोगरा होता. गंजलेलं दार उघडावं तसा तो बाहेर आला. नवरा स्वतःच दचकला आणि त्याने मागे वळून पाहिलं, हे कोण बोललं म्हणून.

मावशींनी तोंडावर हात दाबला. त्या गप्प बसल्या. उभ्या जन्मात ते दोन शब्द त्यांनी पहिल्यांदाच मानले. मग त्या खाली बसून नवऱ्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हसत सुटल्या, आणि तो त्यांच्या डोक्यावर हात ठेवून पुन्हापुन्हा तेच म्हणत राहिला. त्याला दुसरं काही येतच नव्हतं, आणि मावशींना दुसरं काही नकोच होतं.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीखोलीच्या दारात भांडारपाल आला. कालच्या प्रकाराने त्याचं मन खात असावं. "मावशी, घरी कसं आहे? काही फरक?"

मावशींनी इस्त्री उचलली, चादरीची घडी बदलली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"छे," त्या म्हणाल्या. "काही नाही."

हे त्यांचं देवापायी बोललेलं दुसरं खोटं. याचं मात्र त्यांना जराही वाईट वाटलं नाही. भांडारपाल हळहळला, आणि योग्य मार्ग सोडल्यावर दुसरं काय होणार, असं मनाशी म्हणत कमरेवर हात ठेवून निघून गेला.

आता तुम्ही मघापासून गप्प आहात, पण तुमच्या मनात काय चाललंय ते कळतंय. मावशींनी दम घेऊन शेवटी देवाला सुनावलं, ते वाक्य नेमकं कोणतं होतं? ज्याने नवरा बोलला, ते? तेवढं इथे दिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं आहे. तुम्हाला ते फक्त माहिती म्हणून हवं आहे. तुमचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण एकदा कळलं असतं तर बरं झालं असतं, घरात एक अडचण आहे म्हणून.

तर मग पुढे सरकू नका. तुमच्या आधी बरेच जण उभे आहेत. आणि हो, खोळ आणलीत का?